पिवळ्याची पारख

आमच्या बाई सोमवार ते शनिवार वरण खात नसत. व्रत नव्हतं, पथ्य नव्हतं. वरणात हळद असते, एवढाच त्यांचा वरणावर राग. डब्यात दहीभात, सोबत तळलेली सांडगी मिरची, कधीमधी पांढरी बटाट्याची भाजी. स्वतः खात नसत एवढ्यावर भागलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण जेवणाच्या सुट्टीनंतर त्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहत आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाची बोटं तपासत. सांबाराच्या बोटांना प्रवेश नाही. मी पुण्याहून एम.एस्सी. होऊन, नवीन शर्टाची घडी मोडून नोकरीला आलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा उजवा हात धरून खिडकीपाशी नेला, निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "हौ, पुण्यातही हळद खातात वाटतं. जा पुणेकर, साबणाने दोनदा धुऊन या."

त्या दिवसापासून मी कायमचा पुणेकर झालो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

बाईंच्या या वेडाला कारण होतं. ते समजायला थोडं विज्ञान सोसावं लागेल, पण फार नाही. हैदराबादला तारनाक्याच्या पलीकडे एका बैठ्या इमारतीत आमची छोटी कंपनी होती. रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे ती वाईट कावीळ, आहे का हे तपासायचं किट आम्ही तयार करत होतो. किटात मुख्य वस्तू म्हणजे तळहाताएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची प्लेट. तिच्यात आठ आडव्या आणि बारा उभ्या रांगांत छोटे छोटे खळगे, एकूण शहाण्णव. या खळग्यांना सगळे 'वेल' म्हणत. एकेका वेलमध्ये एकेका माणसाच्या रक्ताचा नमुना घालायचा, मग औषधं घालायची, धुवायचं, पुन्हा घालायचं. शेवटी ज्याच्या रक्तात विषाणू असेल त्याची वेल पिवळी होते, नसेल त्याची पाण्यासारखी राहते. मग ती प्लेट 'रीडर' नावाच्या मशीनमध्ये सरकवायची. मशीन प्रत्येक वेलमधून उजेड सोडतं आणि त्यातला किती उजेड त्या पिवळ्याने गिळला त्याचा आकडा छापून देतं. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की रोग, खाली राहिला की निरोगी. ज्या घरात सगळी उत्तरं पिवळ्या रंगात येतात, त्या घरात हळदीला जागा नसणार, हे उघड आहे.

बाईंनी हे किट करायला घेतलं त्याला एक इतिहास होता. त्यांचं घराणं जुनं हैदराबादी. आजोबा मराठवाड्यातून निजामाच्या नोकरीत आले, वडील वकील. घरात मराठी, कोर्टात उर्दू, बाजारात तेलुगू. त्यामुळे बाई रागावल्या म्हणजे कुठली भाषा बाहेर पडेल याचा नेम नसे. पण कुठल्याही भाषेत त्या कुणाला एकेरी हाक मारत नसत. आवारातल्या मांजरालासुद्धा "आप बाहर तशरीफ ले जाइए" असंच सांगत. सरकारी संस्थेतली पेन्शनची नोकरी सोडून त्या आमच्या कंपनीत आल्या होत्या. जिल्ह्याच्या रक्तपेढ्यांमध्ये परदेशी किट परवडत नाही म्हणून रक्त न तपासताच चढवतात, हे त्यांनी एका दौऱ्यात पाहिलं होतं. तालुक्याच्या दवाखान्याला झेपेल अशा किमतीचं किट करायचं, हा एकच ध्यास. दुसऱ्या कशाशी त्यांनी लग्न केलं नाही, असं आमचे मालक म्हणत.

रीडर आला तो मी रुजू झालो त्याच महिन्यात. तोपर्यंत बाई नुसत्या नजरेने पिवळं ओळखत आणि शेजारच्या संस्थेतल्या मशीनवर ते पडताळून घेत. मग देशाची दारं उघडली, आयातीचे परवाने सुटले, आणि आमच्या दारात परदेशी खोकं येऊन पडलं. मालक तेलुगू, सज्जन आणि देवभोळे. त्यांनी विद्यानगरहून गुरुजी बोलावले. नारळ, हार, कुंकू, सगळं आलं. बाई एका कोपऱ्यात हात बांधून उभ्या होत्या. मशीनपासून वीतभर लांब पूजा करायची, या अटीवर त्यांनी परवानगी दिली होती.

आता या रीडरची एक लकब असते. चालू केला की त्याच्या पोटातून प्लेट ठेवायचा ट्रे आपोआप बाहेर येतो, जरा थांबतो आणि आत जातो. मंत्र ऐन रंगात आलेले असताना यादगिरीने, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने, खटका दाबला. घुर्रर्र करून ट्रे बाहेर आला. गुरुजी क्षणभर बिचकले, मग त्यांच्या चेहऱ्यावर कृतार्थ भाव उमटला आणि त्यांनी चिमूटभर हळदीच्या अक्षता ट्रेवर ठेवल्या. ट्रे अक्षता घेऊन आत गेला.

बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच भाषेतला नव्हता.

पुढचे कित्येक दिवस त्या मऊ ब्रश घेऊन मशीनच्या पोटात डोकं घालून बसल्या होत्या. रिकामी प्लेट घातली तरी कुठल्या ना कुठल्या वेलमध्ये कावीळ निघायची. आम्ही गुरुजींच्या नावाने खडे फोडत होतो, पण बाईंनी एक शब्द ऐकून घेतला नाही. "त्यांची काय चूक आहे हो? कुणी हात पुढे केला की प्रसाद ठेवायचा, हे ते आयुष्यभर करत आले. आपणच सांगायला पाहिजे होतं, की हा हात माणसाचा नाही."

मशीन शुद्धीवर आलं, तरी बाईंनी नजरेने बघणं सोडलं नाही. त्यांचा नियम असा: कुठलीही प्लेट रीडरमध्ये जाण्याआधी पांढऱ्या कागदावर ठेवायची. प्रयोगशाळेत जो जो हजर असेल त्याने येऊन ती बघायची आणि कुठली वेल पिवळी आहे ते मोठ्याने सांगायचं. झाडू मारणाऱ्या अम्मालाही यातून सुटका नव्हती. टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनलाही एकदा पकडलं होतं. सगळ्यांनी सांगून झालं की मगच मशीनला विचारायचं. मी एकदा माझी पुणेरी हुशारी पाजळली. म्हटलं, "बाई, मशीनला शून्याच्या पुढचे तीन आकडे दिसतात. आपल्या डोळ्याला काय दिसणार?"

"मशीनला आकडा दिसतो," बाई म्हणाल्या, "बुडबुडा दिसत नाही. ओरखडा दिसत नाही. प्लेटखाली दव साचलंय ते दिसत नाही. त्याला जे सांगाल ते खरं वाटतं. फार भोळं आहे हो ते, सासरी आलेल्या नव्या सुनेसारखं. त्याला एकटं सोडू नका."

बुडबुड्यांवर त्यांचा विशेष दात होता. वेलमध्ये बुडबुडा राहिला की उजेड वाकडा जातो आणि आकडा फुगतो. म्हणून त्यांच्या कोटाच्या खिशाला कायम एक सुई टोचलेली असे. बैठकीत कुणी फार मोठमोठं बोलायला लागलं, की बाई खिशातून सुई काढून टेबलावर ठेवत. विक्री विभागाचा टायवाला तर ती सुई नुसती दिसली तरी वाक्य अर्धं टाकून खाली बसे.

दुसरी गोष्ट कडेची. प्लेटच्या कडेच्या वेल आधी तापतात, आधी सुकतात, त्यामुळे त्यांची उत्तरं थोडी बहकतात. म्हणून बाई महत्त्वाचा नमुना कधीच कडेला घालत नसत. कडेच्या वेलमध्ये नुसतं पाणी. इथवर शास्त्र. पण बाईंचं शास्त्र प्लेटपाशी थांबत नसे. बसमध्ये त्या खिडकीशी बसायच्या नाहीत. लग्नात गेल्या तर मधल्या ओळीतली मधली खुर्ची. नल्लकुंट्याला मी गच्चीवरची कोपऱ्यातली खोली भाड्याने घेतली, तेव्हा त्या खोली बघायला आल्या, दोन बाजूंनी ऊन खाणाऱ्या भिंतींना हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "सोडा ही. मे महिन्यात तुमचं बाष्पीभवन होईल." मी हसलो. मे महिन्यात सोडली.

आणि सगळ्यात मोठं वेड म्हणजे दोनदा. प्रत्येक नमुना दोन वेलमध्ये घालायचा, दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं. माणसांनाही हाच न्याय. सकाळी विचारलेला प्रश्न संध्याकाळी पुन्हा विचारायच्या. नवीन होतो तेव्हा माझे हाल चालले होते. खानावळीतल्या तिखटाने पोट बिघडलेलं, शहरात ओळखीचं कुणी नाही, आईचं पत्र आलं की डोळे भरून यायचे. बाईंनी सकाळी विचारलं, "बरं चाललंय ना पुणेकर?" मी म्हटलं, एकदम छान. संध्याकाळी कुलूप लावता लावता पुन्हा तोच प्रश्न, "बरं चाललंय ना?" आणि मला काही बोलताच येईना. बाईंनी कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मला सरळ नल्लकुंट्याला त्यांच्या भावाच्या घरी जेवायला नेलं. मला वाढलेल्या ताटात वरण होतं, त्यांच्या ताटात दही. नंतर एकदा सहज म्हणाल्या होत्या, की पहिलं उत्तर माणूस शिष्टाचार म्हणून देतो, त्याला नावं ठेवू नयेत, फक्त ते धरू नये. मी हा नियम पुढे माझ्या बायकोवर वापरून पाहिला. तिने दुसऱ्या वेळी दिलेलं उत्तर इथे लिहिता येत नाही.

मधल्या काळात मालकांनी एक दुसरा रीडरही आणला, जुनाच पण चांगला. तो चमक मोजायचा. म्हणजे वेलमध्ये एका रंगाचा उजेड सोडायचा आणि आतला पदार्थ दुसऱ्या रंगात किती चमकतो ते टिपायचं. त्याच्यासाठी प्लेटही काळी लागते. हे मशीन आल्या आल्या रुसलं. नुसत्या पाण्याच्या वेलही दिवाळीसारख्या चमकायला लागल्या. परदेशी कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून विमानाने आला, दिवा बदलला, भिंगं पुसली आणि हात वर करून गेला. बाईंनी मात्र मशीनला हातच लावला नाही. त्या आमच्याकडे बघत बसल्या. मग अचानक उठून यादगिरीच्या कोटाची बाही हुंगली.

"यादगिरी, ये कोट कौन धोया?"

"घरवाली धोयी मॅडम. टीव्ही में दिखाते ना, वो नवा पावडर. देखो कैसा सफेद निकला!"

त्या वर्षी घरोघर केबल आलेली, आणि पांढऱ्याहून पांढरं करणारी पावडर वाण्याच्या दुकानात टांगलेली. त्या पावडरीत कापड उजळ दिसावं म्हणून चमकणारा पदार्थ घातलेला असतो. यादगिरीच्या बायकोने कोटाबरोबर प्लेटी पुसायची मलमलची फडकीही त्याच पावडरीत धुतली होती. आम्ही प्लेटी पुसत नव्हतो, त्यांना चमक फासत होतो. दुसऱ्या दिवसापासून फडकी बाई स्वतः घरी रिठ्याने धुवायला लागल्या. आणि यादगिरीच्या बायकोला त्यांनी निरोप पाठवला, की कपडे फार सुरेख निघालेत, घरचे खुशाल त्याच पावडरीत धुवा.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण तेव्हा कंपनीचं काही खरं नव्हतं. दारं उघडली ती मशीनपुरती थोडीच उघडली होती? परदेशी किटंही आत आली, वर्षागणिक स्वस्त होत गेली. आमचं किट तयार होतं, पण घेणारं कुणी नव्हतं. मालकांनी घर गहाण टाकलं होतं, अशी कुजबुज होती. आणि अशात सरकारी रक्तपेढ्यांची मोठी ऑर्डर निघाली. ती मिळाली तर किट गावोगाव पोचणार, प्रयोगशाळा चालणार. नाही मिळाली तर टाळं.

ऑर्डर ठरवणाऱ्या सरकारी समितीची अट साधी होती. रक्तपेढीतून आलेल्या ताज्या नमुन्यांचा एक डबा आम्हाला दिला जाईल. त्या नमुन्यांवर आमचं किट आणि बाहेरचं नावाजलेलं किट, दोन्ही चालवायची. बाहेरचं किट प्रमाण. आमची उत्तरं त्याच्याशी जुळली पाहिजेत.

आम्ही दोन्ही किटं चालवली. प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवली, सगळे भोवती जमले. ठसठशीत पिवळ्या वेल होत्या त्या दोन्ही प्लेटींवर अगदी जुळत होत्या. टायवाला टाळी द्यायला हात पुढे करणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. ही बघा."

आमच्या प्लेटच्या मधोमध एक वेल. पिवळी म्हणावी तर पिवळी, नाही म्हणावी तर नाही. उसाचा रस पिऊन ग्लास विसळला की तळाशी राहतं, तसं काहीतरी. तिच्या जोडीच्या दुसऱ्या वेलमध्येही तेच. बाहेरच्या किटच्या प्लेटवर मात्र तोच नमुना स्वच्छ पाणी. मशीनने आमच्या वेलचा आकडा दिला तो रेषेच्या जेमतेम वर.

पुढचे काही दिवस बाई स्वतःच्या किटच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. प्लेट बदलली. जागा बदलली. औषधाची बाटली नवीन फोडली. नमुना घालणारा हात बदलला. मला सांगितलं, तुम्ही घाला, आणि कुठला आहे ते मला कळू देऊ नका. दव, ओरखडा, बुडबुडा, हळद, पावडर, सगळ्या संशयितांना बोलावून झालं. प्रत्येक वेळी ती वेल तशीच, लाजल्यासारखी पिवळी. माझ्या डोळ्याला कधी दिसायची, कधी नाही. यादगिरीला दरवेळी दिसायची.

मग मालक आले. खुर्ची ओढून प्लेटसमोर बसले. किटच्या माहितीपत्रकात रोग आणि निरोगी यांमधली रेषा कुठे आहे ते छापायचं असतं, आणि आमचं माहितीपत्रक अजून छापून झालं नव्हतं.

"मॅडम," मालक हळू म्हणाले, "लकीर जरासी ऊपर सरका दो. बाकी सब नमुने वैसेच रैते. ये एकच नीचे जाता. झूट नहीं बोल रऊं मैं. लकीर तो अपनेकूच डालना है ना?"

खोटं नव्हतंच ते. रेषा कुठेतरी ओढावीच लागते, आणि केसभर वर ओढली म्हणून जगातल्या कुठल्याही परीक्षकाने नाव ठेवलं नसतं. आम्ही सगळे बाईंकडे बघत होतो. खरं सांगायचं तर सगळ्यांच्या मनात एकच, म्हणा हो.

बाईंनी पांढरा कागद मालकांच्या पुढे सरकवला. "आप देखो. पीला दिख रै क्या?"

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ बघितलं. त्यांना नाही म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं.

"दिख रै," ते म्हणाले. "मगर मेरेकू इत्ते लोगाँ के घराँ बी दिख रैं, मॅडम."

"मलाही दिसतात," बाई मराठीत म्हणाल्या. मालकांना मराठी येत नव्हतं, पण समजलं. बाई पुढे म्हणाल्या, "पण मी हे किट कशाला केलं हो? बाहेरच्याला दिसतं तेवढंच बघायला? त्याला ते आहेच की."

आकडा जसाच्या तसा समितीकडे गेला. रेषा होती तिथेच राहिली. समितीने नियमावर बोट ठेवलं, उत्तर जुळत नाही, आणि ऑर्डर बाहेरच्या किटला गेली. मालकांनी त्या संध्याकाळी सगळ्यांना चहा पाजला आणि स्वतः न पिता निघून गेले.

ऑर्डर गेली तरी बाईंच्या डोळ्यांपुढून ती वेल जाईना. तो नमुना ज्या रक्ताचा, ती रक्ताची पिशवी पेढीच्या फ्रीजमध्येच होती. बाहेरच्या किटने तिला निर्दोष ठरवलेलं, म्हणजे आज ना उद्या कुणाला तरी ती चढणार. बाई मला घेऊन रक्तपेढीत गेल्या. तिथले डॉक्टर ओळखीचे, कामाने पिचलेले.

"मॅडम, इम्पोर्टेड किट साफ बोल रै. समिती साफ बोल रै. आप अकेले एक वेल के पीछे कायकू परेशान हो रै?"

"वो थैली बाजू में रख दो डाक्टर साब. और खून देने वाले को थोडे दिनाँ बाद फिर बुलाओ, रोग नया होंगा तो तब तक साफ दिखेंगा. बस, इत्ताच."

"बाहर लाइन देखे क्या आप? खून का एक-एक थैली के वास्ते झगडे होते यहाँ."

बाई भांडल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. लोक येत होते, जात होते, पर्समधला कागदी पंखा हलवत बाई बसून होत्या. दुपार उलटली. डॉक्टर दोनदा बाहेर डोकावून गेले. शेवटी ते स्वतः आले, "उठो मॅडम, बाजू में रख दिया," असं म्हणाले, आणि बाईंनी आत जाऊन पिशवीवर लावलेली चिठ्ठी बघितल्याशिवाय त्यांना सोडलं नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. टायवाला परदेशी कंपनीकडे गेला. दोघीजणी लग्नाचं निमित्त सांगून सोडून गेल्या. मालक त्याच परदेशी किटची एजन्सी घ्यायची बोलणी करत होते. गोदाम चालेल, प्रयोगशाळा लागणार नाही. बाई मात्र रोज वेळेवर येत. रीडरचा दिवा तापायला ठेवत, प्लेटी पुसत, दारात उभं राहून उरलेल्या चौघांची बोटं तपासत. मला बाईंची कीव यायची आणि कीव आल्याचा राग यायचा. मनात एकच प्रश्न घोळायचा, आणि तो सगळ्यांच्याच मनात होता. ती वेल खरी होती, की आम्ही एका आभासापायी पोटावर पाय दिला?

एके दिवशी फोन वाजला. बाई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्या होत्या, मी उचलला. रक्तपेढीचे डॉक्टर होते. ज्याची ती पिशवी होती तो पुन्हा येऊन तपासणीला रक्त देऊन गेला होता. डॉक्टरांनी दोन्ही किटं चालवली होती.

"मॅडम को बोलो," डॉक्टर म्हणाले, "इस बार दोनों में पॉझिटिव्ह है. इम्पोर्टेड में बी. एकदम पीला. आपका किट पैलेच पकड लिया था."

मी फोन ठेवला आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. यादगिरीने मला उचललं. मालक त्यांच्या खोलीतून धावत बाहेर आले, बातमी ऐकली आणि भिंतीला टेकून मिनिटभर नुसते हसत राहिले. मग खिशातल्या होत्या नव्हत्या नोटा यादगिरीच्या हातात कोंबून त्याला मिठाई आणायला नारायणगुड्याला पिटाळलं. ऑर्डर परत येणार नव्हती, ते सगळ्यांना माहीत होतं. पण आमचं किट खरं होतं! बाहेरच्या मोठ्या किटाला दिसलं नाही ते आमच्या बाईंच्या किटाला दिसलं होतं. कलाकंदाचा खोका आला. कुणीतरी मशीनला हार घालायचा म्हणत होतं.

बाई आल्या. दारातच थबकल्या. आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितलं, त्यामुळे त्यांना आधी काही कळलंच नाही. मग मी नीट सांगितलं. त्या हसतील, निदान खुर्चीत बसून एक सुस्कारा टाकतील, म्हणून आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मालकांनी कलाकंदाचा तुकडा त्यांच्यापुढे धरला होता.

"केवढा आहे तो?" बाईंनी विचारलं.

मला कळेना. "कोण?"

"ज्याचं रक्त होतं तो."

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते मी सांगितलं. कॉलेजात शिकतो, विशी ओलांडलेला नाही. बहिणीच्या बाळंतपणात रक्त लागलं, त्याच्या बदल्यात देऊन गेला होता.

बाईंनी मालकांच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एका लेकराला रोग निघाला," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मिठाई वाटायलात?"

यादगिरीने हळूच खोक्याचं झाकण लावलं.

"मी रोज विनवायले हो पुणेकर. देव मानत नाही मी, तरी रोज. म्हटलं, माझं किट खोटं निघू दे. सगळ्यांसमोर खोटं निघू दे. त्या पोराचं रक्त चांगलं निघू दे."

आणि त्या दारातच, चपलाही न काढता, तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. इतकी वर्षं केलेलं काम खरं ठरल्याच्या दिवशी माणूस असं रडतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. पुढेही पाहिलं नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि पर्स खांद्याला लावली. त्याच्या आईला घरात सगळ्यांचं रक्त तपासून घ्यायला सांगायला पाहिजे, म्हणाल्या. बहुतेक जण यातून बरे होतात, हेही कुणीतरी त्याला समोर बसून सांगायला पाहिजे, नुसता कागद हातात देऊन चालणार नाही. त्या वळल्या, तेव्हा मालकांनी हातातला कलाकंद टेबलावर ठेवला, रुमालाने बोटं पुसली आणि गाडीची किल्ली घेतली.

"चलो मॅडम," ते म्हणाले, "मैं बी आतऊं."